बहुधा पुरुष

"ती नको," करंबेळकर सर म्हणाले. "आज ती नको, मुजावर. टेबलावर एवढ्या मांडल्यात, त्यातली घ्या कुठलीही."

डॉ. मुजावर म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक. माणूस गप्पिष्ट, पोट सुटलेलं, आणि परीक्षा घेण्याची मनापासून हौस. त्यांनी सरांचं कपाट उघडून पिवळ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं बाहेर काढलंसुद्धा होतं.

"का हो? पोरगी लाडकी म्हणून? मागे आमच्याकडे परीक्षेला आलात तेव्हा हीच कवटी पिशवीत घालून आणली होतीत. माझे सगळेच्या सगळे विद्यार्थी हिच्यावर तोंडघशी पाडलेत. आता तुमची पाळी!"

"वेळ होतोय, मुजावर."

"होऊ द्या की. तोवर चहा सांगा."

मी स्टुलावर बसले होते. माझी एम.एस.ची तोंडी परीक्षा चालली होती, विषय शरीररचना. सरांच्या कपाळावर घाम आला होता. तो माझ्या काळजीनं आला असं मला वाटलं, एवढी मी भाबडी. मी नापास झालेलं सरांना बघवायचं नाही, म्हणून ते अवघड कवटी टाळतायत, असं वाटून मला भरून आलं. काळजी करू नका, अशा अर्थानं मी त्यांच्याकडे बघून हसलेदेखील. आज इतक्या वर्षांनी त्या हसण्याची आठवण झाली की मला स्वतःची कीव येते आणि त्यांचा संताप येतो, दोन्ही एकदमच.

मी, चंपावती तांडेल, रेवदंड्याच्या खाडीकडच्या एका कोळीवाड्यातली. बाबा, जोमा तांडेल, मी दुसरीत असताना होडीसकट गेले. होडीची एक फळी तेवढी लागली किनाऱ्याला, बाबा लागले नाहीत. आईनं, चांगुणाबायनं, मग पाटी डोक्यावर घेतली. सकाळी मासळी विकायची आणि दुपारी ओट्यावर जाळी विणायची. सूत दातात धरायची, हातानं गाठ आवळायची आणि दातानंच कटकन तोडायची. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध एक खाच पडली होती. लहानपणी त्या खाचेत मी नख घालून बघायची आणि ती माझं बोट चावल्यासारखं करायची.

आई दिसायला राकट होती. रुंद जबडा, चौकोनी हनुवटी, भुवयांवर ठसठशीत उंचवटा. कोळीवाड्यातल्या बायका तिला 'बाप्या' म्हणून चिडवायच्या. तिला त्याचं काही नव्हतं. "तुजा बापूस सांगायचा," ती म्हणायची, "होरीतशी बगला का किनाऱ्यावरच्या सगल्या बायकांन माजाच तोंड पयला वलखू येते." ही तिची एकमेव फुशारकी. मला तिची हनुवटी मुठीत धरल्याशिवाय झोप यायची नाही, ही माझी सवय.

मी डॉक्टर झाले ते आईच्या पाटीवर, आणि पुढे शिकले ते सरांमुळे. वसतिगृहात जागा मिळेना तेव्हा सरांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. काकूंनी, त्यांच्या पत्नीनं, पहिल्याच दिवशी माझं ताट आपल्या ताटाशेजारी मांडलं. सर मला "पोरी" म्हणायचे. बाप गेल्यानंतर त्या सुरात मला कोणी हाक मारली नव्हती.

शिकवायचे तर असं, की त्यांच्यापुढे पुस्तक उघडावंसं वाटू नये. कवटी हातात द्यायचे आणि सांगायचे, "डोळे मीट. आता बोटांनी वाच." भुवईवर उंचवटा हाताला लागला, डोळ्याच्या खोबणीची वरची कड बोथट असली, कानामागचं हाड अंगठ्याएवढं जाड असलं, जबड्याचा कोन काटकोनाकडे झुकला, हनुवटी चौकोनी असली, की पुरुष. कपाळ गुळगुळीत, खोबणीची कड धारदार, हनुवटी निमुळती, तर स्त्री.

"आणि कुठल्या लोकांची ते?" मी विचारायची.

"गालाची हाडं बघ, नाकाचं भोक रुंद की अरुंद ते बघ, टाळूचा आकार बघ. आणि मग गप्प बस," सर हसायचे. "माणसं सरमिसळ झालेली असतात, पोरी. उत्तरेतल्या एखाद्याचं नाक दक्षिणेतल्याला असतं. शिवाय ही मोजमापं ज्यांनी ठरवली, त्यांनी परदेशातल्या हाडांवर ठरवली. आपल्या कपाटातल्या कवट्या विकत आणलेल्या, तिकडे बंगालकडच्या. इथल्या बाईची एक नाही. तेव्हा काहीही सांगितलंस तरी आधी 'बहुधा' म्हणायचं. बहुधा पुरुष. बहुधा स्त्री. 'बहुधा' न म्हणणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर ओळखीचा."

यावर आम्ही दोघं खूप हसलो होतो.

आई एकदा सुके बोंबील आणि सोडे घेऊन सरांच्या घरी आली. काकू शुद्ध शाकाहारी, तरी त्यांनी पिशवी हातात घेतली आणि आईला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. सर दारात उभे राहिले ते बघतच राहिले.

"चांगुणाबाई, मान जरा डावीकडे वळवा. आता दात दाखवा बघू. हसा."

आई मोठ्यानं हसली. सर पुढे झाले आणि विचारून तिच्या जबड्याच्या कोनाला बोट लावलं, कानामागे लावलं. त्यांचे डोळे लकाकत होते. माझ्या आईचं कोणीतरी शहरातलं माणूस इतकं कौतुक करतंय, याचा मला काय तो अभिमान!

परत जाताना आई एसटी स्टँडवर म्हणाली, "तुजा डाक्तर मना असा बगतंय, जसा गिराईक कल्ले उघरून म्हावरा बगतंय."

"आई, ते गुरू आहेत माझे!"

"आसू दे. गिराईक बी चांगलाच आसतंय," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

त्यानंतर दीड-दोन वर्षांत तिला पोटाचा कॅन्सर निघाला. आमच्याच रुग्णालयात ठेवली. सर रोज यायचे, उशाशी बसायचे, तिच्या कोळी बोलीवर हसायचे. शेवटी शेवटी त्यांनी तो विषय काढला. माझ्यासमोरच काढला.

"चांगुणाबाई, एक मागायचं आहे. देहदान कराल? तुमच्या चंपीसारखी पोरं तुमच्यावर शिकतील. इथल्या कष्टकरी बाईचा देह आमच्याकडे येतच नाही हो. आम्ही परक्यांची हाडं बघून आपली माणसं ओळखायला शिकतो."

आईनं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "शिकू दे पोरांना. पन माजी एक गोष्ट हाय, डाक्तर. झाल्यावर मना पूरी परत द्या. बारका हाडूक पन ठेवू नका. माजा नवरा दर्यान हाय. मना तिकरंच जायाचा हाय."

"सगळी परत देईन. वर्षभरानं दहन करू आणि मी स्वतः तुमच्या दर्यावर घेऊन येईन."

"तोंड तरी इसरू नका," आई हसत म्हणाली. "तोंड नसल त मना वलखल कसा तो?"

सरांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "शब्द देतो, चांगुणाबाई."

आई गेली. सरांनी मला वर्षभरासाठी दुसऱ्या गावच्या कॉलेजात पाठवून दिलं. "तुझी आई त्या टेबलावर असताना तू त्या इमारतीत राहायचं नाहीस," ते म्हणाले. इतका विचार कोण करतं, असं तेव्हा मला वाटलं. वर्षानं परत आले तेव्हा सर तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं मडकं घेऊन तयार होते. शब्द दिल्याप्रमाणे कोळीवाड्यावर आले. हिराजीमामानं, आईच्या धाकट्या भावानं, होडी काढली. खाडीचं तोंड ओलांडून भर दर्यात गेल्यावर मी मडकं पाण्यात सोडलं. सर होडीत उभे राहायची सवय नसलेले, डगमगत उभे राहिले, त्यांनी हात जोडले, आणि ते रडले. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मामा घरी येऊन म्हणाला, "असा मानूस मी बगला नाय." मलाही तसंच वाटलं होतं.

आणि त्यानंतर काही महिन्यांनी ही परीक्षा.

मुजावरांनी फडक्याची गाठ सोडली. कवटी आणि खालचा जबडा वेगवेगळे निघाले. त्यांनी दोन्ही माझ्यापुढे सरकवले. "हं, तांडेल. सांगा. घाई नाही."

सर खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

मी कवटी उचलली. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की माथा कापलेला नव्हता. आमच्याकडे शिकवायला आलेल्या देहाचा माथा करवतीनं कापतातच, मेंदू दाखवायचा असतो. ही अखंड होती. कोणाच्या हातात पडण्याआधीच कोणीतरी बाजूला काढून ठेवलेली. कपाळावर मधोमध काळ्या शाईत, सुबक अक्षरांत एक आकडा. अक्षर सरांचं होतं.

मी डोळे मिटले, शिकवलं होतं तसे. "भुवईवरचा उंचवटा ठळक," मी म्हणाले. "खोबणीची कड बोथट. कानामागचं हाड मोठं. मानेच्या स्नायूंच्या खुणा खडबडीत, डोक्यावर भरपूर ओझं वाहिलेलं असावं."

"वा! ओझं कोणी बोललं नव्हतं. पुढे?"

मी जबडा घेतला. "कोन काटकोनाजवळ. हनुवटी…"

हनुवटी माझ्या मुठीत आली. मी ती धरली होती, झोपताना धरावी तशी. माझ्या डोक्याला काहीच कळलं नव्हतं अजून, पण मूठ सुटेना.

"हनुवटी चौकोनी," मुजावरांनी माझं वाक्य पुरं केलं. ते खुशीत आले होते. "म्हणजे एकूण?"

मी डोळे उघडले आणि कवटी पालथी केली. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध खाच होती. मी तिच्यात नख घातलं. बरोबर बसलं.

खोलीत पंखा फिरत होता. मुजावर पेन्सिल टेबलावर वाजवत होते.

"बोला, तांडेल. बहुधा…?"

"स्त्री," मी म्हणाले.

मुजावर टाळी वाजवून खुर्चीतच उसळले. "करंबेळकर! ऐकलंत? पहिली निघाली ही! आजवर एकजात सगळ्यांनी पुरुष सांगितलं. मीसुद्धा सांगितलं होतं! कशावरून पण? सगळ्या खुणा तर पुरुषाच्या. आणि 'बहुधा' नाही म्हणालात?"

"नाही."

"बरं, लोक कुठले? कुठल्या समाजातली असावी? तेवढं बरोबर सांगा, मग तुम्हाला सुवर्णपदक देतो मी."

"कोळीण," मी म्हणाले. "रेवदंड्याकडची. मासळी विकायची, दुपारी जाळी विणायची. सूत दातानं तोडायची, ही बघा खाच." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "नाव चांगुणा जोमा तांडेल. ही माझी आई आहे, डॉक्टर."

मुजावरांच्या हातातली पेन्सिल थांबली. ते आधी हसायला गेले, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कवटीकडे, मग सरांच्या पाठीकडे. त्या माणसाची मला त्या क्षणी दयाच आली. ते उठले, खुर्ची नीट सरकवली आणि बाहेर निघून गेले.

सर वळले. "परीक्षा झाल्यावर सांगणार होतो मी तुला."

"होडीत रडलात आपण."

"खरंच रडलो, पोरी. ते खोटं नव्हतं."

"तेव्हा ही कुठे होती?"

सरांनी उघड्या दारांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कपाटात."

मला वाटलं होतं, ते म्हणतील चूक झाली. किंवा हात जोडतील. होडीत जोडले होते तसे. तेवढं केलं असतं तरी मी कदाचित त्यांच्याच पायाशी बसून रडले असते, कारण दुसरं माझं होतंच कोण? पण ते टेबलाजवळ आले आणि शिकवायला लागले.

"तू समजून घे. अशी कवटी मला आयुष्यात दुसरी मिळालेली नाही. स्त्रीची, आणि एक खूण स्त्रीची नाही. ओझ्यानं झाली, की घराण्यातून आली, की अशीच निघाली, कोण सांगणार? पण हिच्यावर एकदा फसलेलं पोरगं पुन्हा घाईनं निकाल देत नाही. उद्या पोलीस एखाद्या बाईचा सांगाडा घेऊन येतील, आणि तो पुरुषाचा म्हणून फाइल बंद होणार नाही, ती हिच्यामुळे. तुझ्या आईलाच हे हवं होतं ना? पोरं शिकावीत?"

"तिला परत जायचं होतं."

"बाकीची सगळी दिली."

बाकीची सगळी! मासळीच्या वाट्यात मुंडकं काढून घेऊन उरलेलं द्यावं तसं त्यांनी ते म्हटलं, आणि मला एसटी स्टँडवरची आई आठवली. तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ज्या दिवशी त्यांनी तिला हसायला सांगितलं, त्याच दिवशी हे ठरलं होतं. मला घरात ठेवून घेतलं ते त्याच्या आधी, हे मी स्वतःला पुढे कित्येक वर्षं बजावत राहिले. पण रुग्णालयातल्या रोजच्या भेटी, उशाशी बसणं, हात हातात घेणं, मला दुसऱ्या गावी पाठवणं, यातलं काय माझ्यासाठी होतं आणि काय कपाटासाठी, हे मला आजही वेगळं करता येत नाही. त्यांनी माझी आई चोरली ती चोरलीच, पण मला मिळालेली मायासुद्धा मागच्या तारखेपासून काढून घेतली.

मी अंगातला पांढरा कोट काढला आणि त्यात कवटी गुंडाळली. बाबा गेल्यापासून आईचं कपाळ कोरं होतं. आता त्यावर सरांचा आकडा होता. तो मी अंगठ्यानं घासून पाहिला, पण शाई पक्की होती.

"ती कॉलेजची आहे," सर म्हणाले.

"अडवा मग."

त्यांनी अडवलं नाही. मी जबडा उचलायला हात पुढे केला, तेव्हा मात्र त्यांनी त्यावर हलकेच हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अगदी खरं पाणी.

"खालचा जबडा तेवढा ठेव, पोरी," ते म्हणाले.

मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्यानंतर त्यांच्याशी मी कधी बोलले नाही. ते वारल्यावर काकूंचं पत्र आलं, मी काकूंना भेटायला गेले, पण हार घातलेल्या फोटोकडे पाठ करून बसले. परीक्षेत मी पहिली आले. मुजावरांनी आपला शब्द पाळला होता.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भरतीला हिराजीमामानं पुन्हा होडी काढली. मी त्याला काय झालं ते सांगितलं तेव्हा त्यानं वल्हं एकदा पाण्यावर जोरात आपटलं. खाडीच्या तोंडापलीकडे गेल्यावर म्हणाला, "आथा हितंच."

मी कोट उलगडला. कवटी आणि जबडा सुटे होते. तसेच सोडले तर लाटेबरोबर एक इकडे जाईल, एक तिकडे. मामाच्या डबीतून मी जाळ्याचं सूत घेतलं आणि जबडा जागच्या जागी लावून, गालांच्या हाडांवरून घट्ट बांधत आणलं, आईनं शिकवलेल्या गाठीनं. हनुवटी शेवटची एकदा मुठीत धरली. मग तोंड खोल दर्याकडे केलं, बाबांच्या बाजूला.

"कातर देव कं?" मामानं विचारलं.

"नको," मी म्हणाले, आणि सूत दातानं तोडलं.